दुपारी दीडला वरून दिसणारी मुंबई

प्रभादेवीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर हिवाळ्यातल्या सकाळी आठ वाजता उभं राहिलं, तर वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या तारा दिसत नाहीत. समुद्राच्या बाजूला नुसता करडा पडदा असतो. नऊला तसाच, दहालाही तसाच. मग कधीतरी बाराच्या पुढे खारा वारा सुटतो, पडदा विरळ होतो आणि दीडच्या सुमाराला सेतू तारांसकट स्पष्ट उभा राहतो. साधारण त्याच वेळी ८२४ किलोमीटर उंचीवरून सेंटिनेल-५पी हा युरोपीय उपग्रह आपल्या माथ्यावरून जातो आणि मुंबईच्या हवेची त्या दिवसाची नोंद घेतो. दिवसातून एकदा, तीही शहराची हवा थोडी निवळलेली असताना.

हे लक्षात आल्यापासून मी उपग्रहांनी काढलेले मुंबईचे नकाशे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. दर नोव्हेंबरात हे लालपिवळे नकाशे फोनवर फिरतात. कुणी म्हणतं मुंबईने दिल्लीला गाठलं, कुणी म्हणतं परिस्थिती सुधारते आहे. नकाशा एकच असतो. तो काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे मराठीत सविस्तर मांडलेलं माझ्या फारसं वाचनात आलं नाही, म्हणून हा आढावा.

मूळ प्रश्न साधा आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मुंबईची हवा बिघडली की सुधारली? याचं उत्तर जमिनीवरच्या यंत्रांकडून मिळायला हवं होतं, पण तिथे सलग स्मृती नाही. ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेची जुनी केंद्रं परळ, काळबादेवी आणि वरळीला होती. तिथे माणूस जाऊन नमुना घ्यायचा, कागदी गाळणीचं वजन करायचा, आणि आठवड्यातले काहीच दिवस मोजले जायचे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने २०१५ मध्ये ‘सफर’ हे हवा मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं मुंबईत आणलं, तेव्हा कुठे तासागणिक आकडे लोकांसमोर आले. त्यानंतर केंद्रांची संख्या वाढत तीसच्या आसपास गेली. शहरासाठी ही चांगली गोष्ट झाली, पण कल शोधायला बसलं की हीच वाढ आड येते. २०१५ मधली सरासरी नऊ-दहा ठिकाणांची, आजची तीस ठिकाणांची. मधल्या काळात काही यंत्रं बंद पडली, काही हलली, काहींच्या शेजारी मेट्रोचे खड्डे खणले गेले. मोजणारेच बदलले, तर हवेत झालेला बदल त्यातून वेगळा कसा काढायचा?

उपग्रहाची खरी ताकद इथे आहे. ऑरा या उपग्रहावरचं ओएमआय हे डच-फिनिश उपकरण २००४ मध्ये वर गेलं, आणि त्याने दोन दशकं एकाच पद्धतीने, दुपारच्या त्याच वेळी मुंबईकडे पाहिलं आहे. त्याला बदली नाही, जागा बदलणं नाही. त्याच्या दृष्टीचा काही भाग २००७ नंतर अधू झाला, पण कोणता भाग अधू आहे हे ठाऊक असल्याने तो वगळून बाकीची नोंद वापरता येते.

ही उपकरणं हवा हुंगत नाहीत, ती उजेड वाचतात. सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो, जमिनीवर आपटून परत वर जातो. वाटेत नायट्रोजन डायऑक्साइड असेल, तर तो जांभळ्या-निळ्या रंगाच्या ठराविक छटा गिळतो. परत आलेल्या प्रकाशात त्या छटा किती कमी झाल्या, यावरून जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या उभ्या खांबात त्या वायूचे किती रेणू आहेत याचा हिशेब लागतो. ‘उभा खांब’ हा शब्द लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचे बहुतेक गैरसमज तिथून सुरू होतात.

नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू या कामाला सोयीचा आहे. तो वाहनांच्या, जहाजांच्या इंजिनांतून आणि वीजकेंद्रांतून निघतो आणि दिवसाउजेडी काही तासांतच रूप बदलतो. म्हणजे जिथे जन्मतो त्याच्या आसपासच दिसतो. याच गुणाचा उपयोग करून आयआयटीएमचे सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये भारतावरच्या या वायूचे दाट ठिपके आणि त्यांचा कल दाखवला. त्या वेळी हाताशी होती ती जीओएमई आणि स्कियामाकी ही दोन जुनी उपकरणं.

ती किती जाडी नजर होती, हे आपल्या नकाशावर मांडून पाहावं. १९९५ मध्ये वर गेलेल्या जीओएमईचा एक चौकोन ४० किलोमीटर लांब आणि ३२० किलोमीटर रुंद होता. प्रभादेवीच्या किनाऱ्यावर त्याची एक कड ठेवली आणि सरळ पूर्वेला गेलं, तर दुसरी कड बीड ओलांडून पलीकडे पडते. मुंबईचा धूर, कल्याण-भिवंडीचे कारखाने, घाटमाथा आणि मराठवाड्यातली ज्वारीची शेतं या सगळ्यांची मिळून एक संख्या. ओएमआयने तो चौकोन १३ गुणिले २४ किलोमीटरवर आणला. त्यात निदान मुंबई वेगळी दिसू लागली. आणि २०१७ च्या ऑक्टोबरात सेंटिनेल-५पीबरोबर ट्रोपोमी हे उपकरण वर गेलं. त्याचा चौकोन ऑगस्ट २०१९ पासून उत्तर-दक्षिण साडेपाच आणि पूर्व-पश्चिम साडेतीन किलोमीटर झाला. अर्थात नजरेच्या मधोमध असताना. कडेला तो बराच रुंद होतो.

हा साडेपाच बाय साडेतीनचा चौकोन मी एकदा मुंबईच्या कागदी नकाशावर पेन्सिलीने काढून पाहिला. पश्चिमेला प्रभादेवीचा किनारा, पूर्वेला शिवडी, दक्षिणेला महालक्ष्मी, उत्तरेला माटुंगा. आत काय काय आलं? सिद्धिविनायकापुढची वाहनांची रांग, दादरचा फुलबाजार, केईएम आणि टाटा रुग्णालय, लालबागचा उड्डाणपूल, लोअर परळचे काचेचे मनोरे, शिवाजी पार्कची झाडं. महापालिकेचे जी दक्षिण, जी उत्तर आणि एफ दक्षिण हे तिन्ही विभाग थोडेथोडे. हे सगळं मिळून उपग्रहाला एकच संख्या देता येते. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचं आख्खं जुनं शहर सुमारे ६८ चौरस किलोमीटरचं, म्हणजे अशा जेमतेम साडेतीन चौकोनांचं.

चौकोन रोज त्याच जागी पडत नाही, थोडा सरकतो. त्यामुळे कित्येक महिन्यांचे चौकोन एकमेकांवर ठेवले, तर सरासरीत एखाद-दोन किलोमीटरपर्यंतचा तपशील उमटतो. ट्रॉम्बे-चेंबूरची बाजू, बंदराचा पट्टा, ठाणे खाडीपलीकडचा औद्योगिक भाग अशा नकाशात वेगळा ओळखू येतो. पण त्यासाठी काळ खर्च करावा लागतो. बारकावा हवा असेल तर आजची हवा विसरायची, आणि आजची हवा हवी असेल तर बारकावा सोडायचा. गोखले रोडपेक्षा सयानी रोडवर प्रदूषण जास्त आहे का, हे उपग्रहाला कधीच विचारू नये.

२०२० च्या टाळेबंदीत या नजरेची जणू परीक्षा झाली. मार्चअखेर शहर थांबलं आणि युरोपीय अवकाश संस्थेने जाहीर केलं की मुंबई आणि दिल्लीवरचा नायट्रोजन डायऑक्साइड आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी उतरला आहे. एवढी मोठी घट एवढ्या थोड्या दिवसांत कोणत्याही धोरणाने घडवलेली नाही. इंजिनं थांबली की हा वायू थांबतो, आणि तो थांबल्याचं वरून दिसतं, हे सिद्ध झालं. मात्र सूक्ष्म कणांचं चित्र तसं नव्हतं. उत्तर भारतावर कणांची दाटी वीस वर्षांतल्या नीचांकाला आल्याचं नासाने दाखवलं, तर दक्षिण भारतात तितकी घट दिसली नाही. एकच टाळेबंदी, वायूची गोष्ट वेगळी आणि कणांची वेगळी. मुंबईकरांनी हा फरक तेव्हाच नीट समजून घ्यायला हवा होता, कारण आपला जीव वायूपेक्षा कणांनी जास्त पोखरला जातो.

या सूक्ष्म कणांचं माप म्हणजे पीएम २.५, आणि ते कोणताही उपग्रह मोजत नाही. बातम्यांमध्ये ‘उपग्रहाने मोजलेलं पीएम २.५’ असं सर्रास छापलं जातं, ते चूक आहे. टेरा (१९९९) आणि अ‍ॅक्वा (२००२) या उपग्रहांवरची मोडिस उपकरणं मोजतात ती एरोसॉल ऑप्टिकल डेप्थ, थोडक्यात एओडी, म्हणजे हवेच्या आख्ख्या खांबातल्या कणांनी सूर्यप्रकाश किती अडवला हे. त्या अडवलेल्या प्रकाशावरून जमिनीलगत, आपल्या नाकाच्या उंचीवर, दर घनमीटरला किती मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण आहेत हे काढायचं, तर मधे संगणकी प्रारूप लागतं. त्या दिवशी हवेचा मिसळणारा थर किती उंच होता, आर्द्रतेने कण किती फुगले होते, कण काजळीचे होते की मिठाचे, हे सगळं त्या प्रारूपाने सांगायचं. रँडल मार्टिन आणि आरॉन व्हॅन डोंकेलार यांच्या गटाने जगभरासाठी हे काम केलं. भारतासाठी आयआयटी दिल्लीचे साग्निक डे आणि सहकाऱ्यांनी २००० ते २०१९ या वीस वर्षांचा, एक किलोमीटर बारकाव्याचा संच तयार केला आणि जमिनीवरच्या केंद्रांशी ताडून पाहिला. आज आपल्याकडे वीस वर्षांच्या तुलनेची जी काही ठोस सामग्री आहे, त्यात या कामाचं मोल फार मोठं आहे. जिथे एकही यंत्र नव्हतं, त्या तालुक्यांनाही त्यातून इतिहास मिळाला.

मुंबईसाठी मात्र हा हिशेब अवघड जागी येतो. हिवाळ्यात मिसळणारा थर खाली बसतो, सगळा धूर त्या बुटक्या खोलीत कोंडतो, आणि डिसेंबर-जानेवारीत जमिनीवरचे आकडे वर्षातल्या शिखराला जातात. उन्हाळ्यात थर उंच उचलला जातो, खालची हवा विरळ होते, पण वरच्या खांबात वाळवंटी धूळ आणि समुद्री मीठ भरतं. म्हणजे खांब भरलेला आणि नाकाशी त्यामानाने हलकं. कच्ची एओडी पाहून एप्रिल-मे हे मुंबईचे वाईट महिने आहेत असं कुणी म्हणालं, तर दम्याच्या रुग्णाला ते पटणार नाही, आणि रुग्णाचंच बरोबर असेल.

शिवाय आपण किनाऱ्यावर राहतो. जमीन आणि पाणी एका चौकोनात आले की गणित गडबडतं, आणि माहीमच्या खाडीतून येणारं गढूळ पाणी तर वरून कधी पाण्यासारखं, कधी जमिनीसारखं दिसतं. असे संशयास्पद चौकोन गाळून टाकावे लागतात. त्यामुळे प्रभादेवीसारख्या समुद्राला चिकटलेल्या वस्तीचीच नोंद अनेकदा गाळली जाते.

त्यात पावसाळा. जून ते सप्टेंबर ढगांमुळे नोंद जवळजवळ नसतेच. वार्षिक सरासरी म्हणून जी संख्या छापली जाते, ती मुंबईच्या बाबतीत मुख्यतः आठ महिन्यांची असते. पाऊस हवा धुऊन काढतो ते चांगले महिने त्यातून वगळले जातात किंवा प्रारूपाने भरले जातात. रात्रही नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फटाक्यांना रात्री ८ ते १० एवढीच मुभा दिली. ती पाळली गेली की नाही, हे दुपारी दीडला येणाऱ्या पाहुण्याला विचारून उपयोग नाही.

इतकं सांगितल्यावर उपग्रह निरुपयोगी आहे असं वाटेल. मला उलट वाटतं. त्याच्याकडून आपण चुकीची गोष्ट मागतो आहोत, आणि जी गोष्ट तो उत्तम देतो ती महापालिकेच्या टेबलावर नाही.

माझ्या शेजारच्या काकू रोज सकाळी ओल्या फडक्याने खिडकीचे गज पुसतात. दुपारी पुन्हा पुसतात. फडकं पांढरट करडं होतं, चिमटीत घेतलं तर वाळू लागते. ही सिमेंटची, दगडाच्या भुकटीची, खणलेल्या मातीची धूळ. एके काळी याच परळ-प्रभादेवीच्या आकाशात गिरण्यांची धुराडी होती. त्या धुरासाठी १९१२ मध्ये मुंबई सरकारला धूर-उपद्रवाचा स्वतंत्र कायदा करावा लागला होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या हळूहळू संपल्या, धुराडी गेली, आणि त्या जमिनींवर मनोऱ्यांचं बांधकाम सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. मेट्रोचा भुयारी मार्ग झाला. २०२५ मध्ये प्रभादेवी स्थानकाजवळचा एल्फिन्स्टन पूल पाडायला घेतला. काकूंच्या फडक्यावर जे येतं, त्यातला मोठा वाटा इथलाच आहे, आणि तो जाड कणांचा आहे. जाड कण लवकर खाली बसतात, दोन-चार गल्ल्यांपलीकडे जात नाहीत. ते वजनाने भरपूर, पण प्रकाश अडवायला कमी पडतात. उपग्रहाला ही धूळ जवळपास दिसतच नाही.

त्याला दिसतं ते काकूंच्या फडक्याला न चिकटणारं. वीजकेंद्रांचा आणि शुद्धीकरण कारखान्यांचा सल्फर डायऑक्साइड, वाहनांचा नायट्रोजन डायऑक्साइड, शेतीतून आणि जनावरांच्या गोठ्यांतून येणारा अमोनिया हे हवेतच एकमेकांशी जुळून अतिसूक्ष्म क्षार बनतात. हे कण शेकडो किलोमीटर जातात, प्रकाश चांगलाच अडवतात, आणि फुप्फुसात खोल उतरतात. खिडकी पुसून ते जात नाहीत. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानच्या किनाऱ्याकडून अरबी समुद्रावरून धुळीचा लोट मुंबईवर आला, तेव्हा बाहेरून येणारी हवा काय करू शकते हे सगळ्यांनी पाहिलं. उपग्रहचित्रांत तो लोट समुद्रावरून येताना दिसत होता. सल्फेटचा लोट तसा पिवळट दिसत नाही, एवढाच फरक. तोही येतो, आणि फार वेळा येतो.

महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम केले. उंच इमारतींच्या कामाभोवती ३५ फुटी पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, ट्रकची चाकं धुणं. त्याच महिन्याच्या शेवटी उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. हे नियम हवेच होते. ते पाळले गेले तर काकूंचं फडकं नक्की कमी मळेल. पण पत्रा ३५ फुटांचा असो की ७० फुटांचा, तळोजा, ट्रॉम्बे, भिवंडी, तारापूर इथून येणाऱ्या वायूंचे जे कण होतात त्यांना तो अडवणार नाही. महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडला संपते, हवेची संपत नाही. हा पसारा पाहायला उपग्रहासारखं दुसरं साधन नाही, कारण त्याला हद्द दिसत नाही.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात काही दिवस मुंबईची हवा दिल्लीपेक्षा वाईट नोंदली गेली. वारे मंदावले, समुद्राकडून येणारा वारा उशिरा आणि कमी जोराने आला, असं कारण पुढे आलं. ते खरं होतं. पण वारा मंदावला म्हणून धूर निर्माण होत नाही, असलेला धूर फक्त उघडा पडतो. एका हिवाळ्यावरून कल काढणं जसं चूक, तसं एका चांगल्या हिवाळ्यानंतर पाठ थोपटून घेणंही चूक. वीस हिवाळे एका नजरेने पाहणाऱ्याकडे जायला हवं ते यासाठी.

तसं पाहणाऱ्या एका अभ्यासाचा इथे उल्लेख केलाच पाहिजे. कर्ण व्होरा, एलॉइज मारे आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये उष्ण कटिबंधातल्या ४६ वेगाने वाढणाऱ्या शहरांचा २००५ ते २०१८ चा आढावा प्रसिद्ध केला. साधन उपग्रहाचंच. मुंबई, पुणे, बंगळूर, कोलकाता, हैदराबाद, चेन्नई, सुरत आणि अहमदाबाद या आठ शहरांत मिळून हवेमुळे होणाऱ्या अकाली मृत्यूंमध्ये सुमारे १ लाखाची भर पडल्याचा त्यांचा अंदाज आहे. ही संख्या मोजलेली नाही, प्रारूपातून आलेली आहे, आणि लोकसंख्यावाढीचाही तिच्यात हात आहे. तरी दिशेबद्दल शंका राहत नाही. आपल्याकडे पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. या दोन आकड्यांमधल्या अंतरात आपली माणसं श्वास घेतात.

पुढे काय येतं आहे? दीडच्या एका नजरेऐवजी दिवसभर पाहणारे भूस्थिर उपग्रह आले आहेत. दक्षिण कोरियाचं जेम्स हे उपकरण २०२० पासून आशियावर तासागणिक नजर ठेवतं, पण त्याचं नेहमीचं क्षेत्र ७५ अंश पूर्व रेखांशापासून सुरू होतं, आणि मुंबई ७३ च्याही जरा अलीकडे आहे. थोडक्यात हुकलं. युरोपचं आणि अमेरिकेचं असं उपकरण आपल्याकडे पाहत नाही. इस्रोचे इन्सॅट-३डीआर आणि २०२४ मधला इन्सॅट-३डीएस दर अर्ध्या तासाला आपल्याकडे पाहतात आणि एओडीही देतात. पण त्यांच्या कॅमेऱ्याला दृश्य प्रकाशाची एकच पट्टी आहे, त्यामुळे कणांचा प्रकार ओळखणं कठीण जातं. वायू मोजणारं स्वतःचं भूस्थिर उपकरण भारताने पाठवावं, ही मागणी शास्त्रज्ञांनी नाही तर शहरांनी करायला हवी. सकाळी आठचा करडा पडदा त्यातच दिसेल.

तोवर हाताशी आहे तेवढं वापरता येतं. महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल काढते. त्यात केंद्रांचे तक्ते असतात, झाडांची संख्या असते, कचऱ्याची टनं असतात. त्यात एक पान वाढवावं: ऑक्टोबर ते मे या महिन्यांचा, २००५ पासूनचा, डहाणूपासून अलिबागपर्यंतच्या पट्ट्यावरचा नायट्रोजन डायऑक्साइड, वर्षागणिक, एकाच मोजपट्टीवर. शेजारी वरळी, माझगाव, चेंबूर या केंद्रांचे त्याच महिन्यांचे आकडे. ही सगळी उपग्रहसामग्री फुकट उपलब्ध आहे. रुपारेल किंवा रुईयामधला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी एका सुट्टीत ती उतरवून मांडू शकेल. जिथे दोन्ही रेषा एकत्र चढतात तिथे इंजिनांकडे जायचं, आणि जिथे वरची स्थिर असताना जमिनीवरची पीएम १० ची, म्हणजे जाड कणांसकटच्या धुळीची, रेषा एकटीच चढते तिथे विभाग कार्यालयातल्या अभियंत्याला घेऊन बांधकामाच्या फाटकापाशी.

काल दुपारी दीडला मी पुन्हा गच्चीवर गेलो. सेतू दिसत होता, त्याच्या पलीकडचं वांद्र्याचं टोकही. खाली काकूंनी दुसऱ्यांदा गज पुसायला घेतले होते.